गवताचे मशीन आणि काढून ठेवलेले गार्ड



पाऊस ओसरू लागला की आमच्या वस्तीत तीन-चार घरांच्या दाराआड एक लांब दांडा उभा राहिलेला दिसतो. दांड्याच्या एका टोकाला डब्याएवढे इंजिन, दुसऱ्या टोकाला गोल पाते. कोणी त्याला ग्रास कटर म्हणतो, कोणी ब्रश कटर, आणि घरातली म्हातारी माणसे सरळ ‘गवताचे मशीन’ म्हणतात. पूर्वी हे यंत्र मोठ्या बागांत आणि कारखान्यांच्या आवारात तेवढे दिसे. आज ते सोसायटीच्या हिरवळीवर आहे, रस्त्याच्या दुभाजकावर आहे, शाळेच्या मैदानावर आहे. कोकणात आंबा-काजूच्या बागेची बेणणीसुद्धा आता जागोजाग याच मशीनने होते. विळा-कोयता घेऊन चार माणसांनी दिवसभर वाकून जे करायचे, त्यातले बरेचसे काम एक माणूस उभ्याने उरकतो. मशीन चालवणाऱ्याला रोजही थोडा जास्त मिळतो. आमची तरुण मुले हे काम घेतात आणि त्यांनी ते घ्यावे. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती हे मशीन ज्या अवस्थेत त्यांच्या हाती दिले जाते त्याबद्दल.

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनींचा धाकटा मुलगा एका कंत्राटदाराकडे लागला. काम एका मोठ्या सोसायटीची बाग राखण्याचे. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला रिक्षातून आणले, डाव्या डोळ्यावर रुमाल दाबलेला. पेव्हर ब्लॉकच्या कडेचे गवत काढताना खडीचा तुकडा उडून डोळ्यात बसला होता. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. डोळा राहिला, पण त्या डोळ्याला आता अक्षर धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. मुलगा २२ वर्षांचा. रिक्षाचे बॅज काढायचे त्याच्या मनात होते. ते राहिले.

आम्ही ३१ वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे अपघात ऐकला की आमचा पहिला प्रश्न मशीनबद्दल असतो. तो जरा सावरल्यावर आम्ही विचारले, “बाळा, मशीनला गार्ड होते का?”

तो म्हणाला, “होते काका, पण काढून ठेवले होते. ओले गवत त्यात अडकते आणि मशीन दमते. मुकादम म्हणाला, काढून टाक.”

“आणि डोळ्यावरचा चष्मा?”

“तो खोक्यात आला होता म्हणे. खोके ऑफिसात.”

गेल्या काही महिन्यांत आम्ही वाटेत जिथे हे मशीन चालताना दिसले तिथे थांबून पाहिले. गार्ड असलेली मशीने फार थोडी दिसली. म्हणून आज सदरात हाच विषय घेतला आहे. ज्यांच्या घरात हे मशीन येते त्यांनी हे पान मशीन चालवणाऱ्याला वाचून दाखवावे.

आधी गार्ड म्हणजे काय ते पाहू. पात्याच्या वर, चालवणाऱ्याच्या बाजूला प्लॅस्टिकचे किंवा पत्र्याचे जे अर्धगोल झाकण असते ते गार्ड. ते आपल्या पायाच्या आणि पात्याच्या मध्ये असते. त्याने सगळे खडे अडत नाहीत, पण आपल्या अंगाकडे येणारे बरेच अडतात, आणि पाय घसरला तर पाय थेट पात्यावर जात नाही. आता एक छोटा हिशेब करा. बाजारातले गोल पाते साधारण १० इंचांचे असते. म्हणजे त्याचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर. पूर्ण रेस दिली की ते मिनिटाला ७००० फेरे सहज घेते. ८० सेंटिमीटर गुणिले ७००० केले तर पात्याची कड मिनिटाला ५६०० मीटर जाते, म्हणजे ताशी ३३६ किलोमीटर. राजधानी एक्सप्रेसच्या दुपटीहून जास्त. त्या कडेला जांभ्या दगडाचा किंवा बाटलीच्या काचेचा तुकडा लागला तर तो कुठल्या वेगाने सुटेल याचा अंदाज करा. साधे काळे गॉगल त्यापुढे टिकत नाहीत. उलट त्यांच्याच काचा फुटून डोळ्यात जातात.

ओले गवत गार्डमध्ये अडकते ही गोष्ट खरी आहे. आम्ही ती नाकारत नाही. पण त्याला उपाय आहे. दव सुकेपर्यंत थांबावे आणि तोवर जागा झाडून खडे-बाटल्या वेचाव्यात. गवत उंच असेल तर एकदम बुडातून न कापता आधी वरचे अर्धे आणि मग खालचे कापावे. गार्ड भरले की इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावर, काडीने साफ करावे. हात घालू नये. रेस सोडली तरी पाते काही सेकंद फिरत राहते. त्या काही सेकंदांत बोटे गेलेली आम्ही वर्कशॉपमध्ये दुसऱ्या यंत्रांवर पाहिली आहेत.

मुकादम ऐकत नसेल तर? मुलगा नवा, रोजावर, उद्या काम मिळेल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी तोंड उघडणे सोपे नसते. आमचा अनुभव असा की एकट्याने हट्ट धरण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सांगावे, आणि मशीनच्या खर्चाची भाषा बोलावी. गार्ड काढलेल्या मशीनने सोसायटीतल्या मोटारीची काच फुटली तर ती भरून कोण देणार, असा प्रश्न विचारला की गार्ड लवकर सापडते. माणसाच्या डोळ्यापेक्षा मोटारीच्या काचेचे मोल जास्त असावे याचे आम्हाला वाईट वाटते, पण गार्ड बसणे महत्त्वाचे.

डोळ्यासाठी कडा झाकणारा, न फुटणारा सेफ्टी चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो महाग नसतो. तोंडावरची जाळी मिळते ती चांगली, पण बारीक कण जाळीतून आत येतात, म्हणून जाळीच्या आतही चष्मा हवा. पायात गमबूट किंवा जाड बूट घालावेत. चप्पल मुळीच नको. जाड लांब पँट घालावी. बूट सापासाठीही लागतात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. कानात बोळे घालावेत, कारण या इंजिनाचा आवाज कानाशी १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि रोजच्या ८ तासांसाठी ८५ च्या वर आवाज कानाला वाईट समजला जातो. मात्र बोळे घातल्यावर मागून आलेला माणूस ऐकू येत नाही, म्हणून बरोबरच्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नये. समोरून, लांबून हात हलवावा.

आणि अंतर. चालत्या मशीनपासून ५० फुटांच्या आत कोणी नसावे. आपल्याकडे एक जण कापतो आणि दुसरा लगेच मागून गवत गोळा करतो. बऱ्याच ठिकाणी गोळा करणारी बाई असते, आणि तिच्याजवळ चष्मा तर नसतोच, बूटही नसतात. मशीनवाल्याचा खडा तिलाच आधी लागेल. एक पट्टा पूर्ण कापून झाला, इंजिन बंद झाले, की मग गोळा करावे. दहा मिनिटे जास्त लागतील तर लागू द्यावीत.

आता त्या मुलाला जिथे लागले त्या कामाकडे येऊ, म्हणजे कड काढण्याकडे. हिरवळीची कड फरशीला किंवा पेव्हरला लागून सरळ रेषेत दिसावी अशी सोसायटीवाल्यांची हौस असते. अमेरिकेत या एका कामासाठी वेगळेच यंत्र मिळते. त्याला एजर म्हणतात. ते चाकावर चालते आणि त्याचे छोटे पाते उभे फिरते. आपल्याकडे ते क्वचितच दिसते. इथे तेच गवताचे मशीन आडवे करून, पाते उभे धरून, फरशीच्या कडेने चालवतात. लोखंडी पाते लावून असे कधीही करू नये. पाते फरशीला घासले की ठिणगी उडते, दात तुटतो, आणि मशीन हातातून उसळते. कड काढायचीच असेल तर पाते काढून नायलॉन दोरीचे डोके लावावे, गार्ड आपल्या अंगाच्या आणि दोरीच्या मध्ये राहील असे धरावे, रेस कमी ठेवावी. त्याआधी फरशीच्या सांध्यातली खडी झाडून घ्यावी. आम्हाला विचाराल तर लहान बागेची कड धार लावलेल्या चपट्या फावड्याने जास्त सुबक निघते. पण फावडे पाहून मुकादमाचे समाधान होत नाही.

नायलॉन दोरी संपली म्हणून कोणी लोखंडी तार बांधतात, तर कोणी क्लचची जुनी केबल. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तार तुटली की तिचा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि जाड पँटमधूनही मांडीत शिरतो. दोरी बाजारात मिळते, तिच्या जाडीचा आकडा मशीनच्या डोक्यावर असतो. तीच आणावी.

चालवण्याची रीत थोडक्यात सांगतो. आधी खांद्याचा पट्टा आपल्या उंचीला बसवून घ्यावा. पाते जमिनीलगत आले पाहिजे आणि हातांवर वजन येता कामा नये. पट्ट्याची झटकन सुटणारी कडी एकदा सोडून पाहावी, कारण आग किंवा साप दिसला तर ती शोधायला वेळ नसतो. वरून पाहिले असता पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे, कमरेतून वळत, विळा फिरवावा तसे कापावे. कापलेले गवत डाव्या हाताला, कापून झालेल्या बाजूला पडते. पात्याला घड्याळाची तबकडी समजा. बारापासून तीनपर्यंतचा जो उजवीकडचा पुढचा भाग आहे, तो झाडाच्या बुंध्याला, दगडाला किंवा तारेच्या कुंपणाला लागू देऊ नये. तिथे लागले की मशीन उजवीकडे आणि मागे जोरात झटका मारते आणि माणूस फिरतो. मशीन फिरते पाते घेऊनच फिरते. कमरेच्या वर पाते उचलायचे नाही. उतारावर आडवे चालावे.

सुरू करताना मशीन सपाट जागेवर ठेवावे. पाते कशाला टेकलेले नसावे. डाव्या हाताने मशीन दाबून धरून दोरी आधी हळू ओढावी. अडल्यासारखे वाटले की एक छोटा झटका द्यावा, आणि दोरी हाताने परत जाऊ द्यावी, सोडून देऊ नये. इंजिन थंड असेल तर चोक बंद करून ओढावे, एकदा भडकले की चोक उघडावा. पुष्कळ जण चोक तसाच ठेवून ओढत बसतात, प्लग ओला होतो आणि मग मशीनला शिव्या देतात. इंजिन सुरू झाल्यावर, रेस न देता, पाते स्थिर राहिले पाहिजे. रेस नसतानाही पाते फिरत असेल तर स्लोची सेटिंग जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. ते मशीन त्या दिवशी वापरू नये.

पेट्रोलविषयी घोटाळा फार होतो. मशीन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते, जसे जुन्या स्कूटरला मिसळत. किती, ते मशीनच्या पुस्तकात पाहावे. काहींना २५ ला १ लागते, म्हणजे १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर. काहींना ५० ला १, म्हणजे २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो आणि त्याचा खर्च कापणाऱ्याच्या रोजातून वळता करणारे मालक आम्हाला ठाऊक आहेत. जास्त झाले तर धूर आणि काळा प्लग. सिरपच्या बाटलीवरचे माप या कामाला उत्तम, मात्र ते पुन्हा औषधाला वापरू नये. मशीन फोर-स्ट्रोक असेल तर मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मुळीच घालायचे नाही. त्याचे इंजिन ऑइल वेगळे, वेगळ्या तोंडाने भरायचे असते. उसने मशीन आणले तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पंपावर आज जे पेट्रोल मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कॅनमध्ये किंवा टाकीत पेट्रोल महिनाभर पडून राहिले तर तळाला पाणी धरते, कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या खराब होतात. ‘मागच्या वर्षी चांगले चालत होते, यंदा सुरूच होत नाही’ अशी तक्रार असलेली मशीने आमच्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकांत दोष एवढाच सापडतो. लागेल तेवढेच मिश्रण करावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि राहिलेले पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, तेही उघड्यावर. बंद खोलीत किंवा गाळ्यात इंजिन चालवू नये, त्याच्या धुरातला विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

भरताना इंजिन बंद आणि थंड झालेले असावे. गरम सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल भडकते. भरून झाले की दहा पावले दूर जाऊन मग सुरू करावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने त्या वेळी जवळ थांबू नये. कोकणात आणखी एक गोष्ट. दिवाळीनंतर गवत वाळून करड होते. तापलेले मशीन तसेच वाळल्या गवतावर टेकवून माणूस पाणी प्यायला जातो, आणि सायलेन्सरच्या उष्णतेने गवत धुमसू लागते. वणव्यात काजूची बाग गेली म्हणजे काय जाते ते बागवाल्याला विचारा. मशीन नेहमी उघड्या मातीवर किंवा दगडावर ठेवावे.

आता घरातल्या माणसांसाठी दोन शब्द, विशेषतः आमच्या भगिनींसाठी, कारण एका खोलीच्या घरात हे मशीन येते तेव्हा ते चुलीच्या शेजारीच येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून पसरते, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जाते. गॅसची शेगडी, संध्याकाळी वंदनेच्या वेळी लावलेली मेणबत्ती, अगरबत्ती, एवढेही पुरते. म्हणून टाकी रिकामी केल्याशिवाय मशीन घरात घेऊ नये. जागाच नसेल तर निदान मशीन दाराबाहेर साखळीने बांधावे. आणि पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. टू-टी मिसळलेले पेट्रोल रंगीत दिसते, लहान मुलाला ते सरबत वाटते. असे घडलेच तर उलटी करवू नये. उलटीत पेट्रोल फुप्फुसात जाते आणि जास्त धोका होतो. मुलाला आणि बाटलीला घेऊन ताबडतोब दवाखान्यात जावे.

देखभाल फारशी अवघड नाही. रोज काम संपल्यावर, इंजिन थंड झाले की प्लगची टोपी काढून ठेवावी आणि मगच पात्याला हात लावावा. प्लगची टोपी काढली की मशीन चुकून सुरू होऊ शकत नाही. पात्याला मधल्या भोकापाशी आणि दातांच्या मुळाशी चीर गेली आहे का ते उजेडात पाहावे. दोरीला टांगून पान्याने हलके ठोकले तर चांगले पाते खणखणीत वाजते. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर ते भंगारात टाकावे. चीर गेलेले पाते वेल्डिंग करून पुन्हा लावणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे जाऊ नये. पाते काढताना एक गंमत लक्षात ठेवावी. बहुतेक मशीनच्या पात्याच्या नटला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवले की तो सुटतो. हे माहीत नसल्यामुळे नवीन मुले जोर लावून तो आणखी घट्ट करतात, पाना निसटतो आणि हात पात्यावर जातो. गिअरबॉक्सच्या भोकात ॲलन की घालून पाते अडकवावे, जाड हातमोजे घालावेत, मग नट सोडवावा. परत लावताना वॉशर आणि वाटी मूळ क्रमानेच बसवाव्यात.

स्पंजचे एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावावे. फिल्टरशिवाय मशीन चालवले तर धूळ थेट पिस्टनवर जाते. पात्याजवळच्या गिअरबॉक्सवर एक छोटा स्क्रू असतो, तो काढून २०-२५ तासांच्या कामानंतर थोडे ग्रीस भरावे. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी. सगळे नट रोज सकाळी एकदा पान्याने पाहावेत, कारण हे इंजिन थरथरते आणि थरथरीने नट ढिले होतात. गार्डचे नट तर आधी.

डोळ्याला काही लागलेच तर चोळू नये. नुसती धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावे. पण काही रुतले असेल, रक्त किंवा पाणी येत असेल, नजर अंधुक झाली असेल, तर धुवू नये, काढू नये, दाबू नये. कागदी कप उलटा ठेवून वरून सैल पट्टी बांधावी आणि नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. आमच्या शेजारच्या मुलाच्या डोळ्यावर वाटभर रुमाल दाबून धरला होता. कोणाचा दोष काढावा, बरोबरचे सगळेच घाबरले होते.

त्याच्या केस पेपरची गोष्ट मात्र आम्ही विसरू शकत नाही. रुग्णालयात मुकादम सोबत होता. कसे लागले असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यानेच उत्तर दिले, “घरी लाकूड फोडताना.” तेच लिहिले गेले. मुलगा वेदनेने कण्हत होता, आई अजून पोचली नव्हती. पुढे भरपाईचे बोलणे निघाले तेव्हा कंत्राटदाराने तोच कागद पुढे केला. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची हे तत्त्व आपल्या देशात १९२३ सालच्या कायद्यापासून आहे, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर तिथूनही लाभ मिळतो. पण इजा कामावर झाली हे दाखवावे लागते. म्हणून केस पेपरवर ‘कामावर, गवत कापण्याच्या मशीनने’ असे शब्द, जागा आणि वेळ त्याच दिवशी लिहून घ्यावी. जखमी बोलू शकत नसेल तर बरोबरच्या कामगाराने सांगावे. जागेचा आणि मशीनचा फोटो मोबाईलवर घेऊन ठेवावा. हजेरीच्या पानाचाही घ्यावा. वहिनींचे प्रकरण युनियनच्या एका कार्यकर्त्याने हाती घेतले आहे. बरोबरच्या दोघांनी लेखी जबाब दिले आहेत. त्यांतला एक जण अजून त्याच कंत्राटदाराकडे कामाला आहे, हे येथे नमूद करणे आम्हाला आवश्यक वाटते.

जाता जाता एका पत्राचे उत्तर. सिंधुदुर्गातील एका भगिनीने लिहिले आहे की हंगामात तिच्या यजमानांच्या हाताची बोटे रात्री बधिर होतात, सकाळी पांढरी पडतात, चहाचा कप नीट धरता येत नाही. ताई, हे म्हातारपणाचे किंवा थंडीचे म्हणून सोडू नका. मशीनच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. वेळीच आवर घातला तर त्रास उतरतो, वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर कायमचा राहतो. त्यांना सलग तासभर मशीन धरू देऊ नका. २०-२५ मिनिटांनी इंजिन बंद करून हात चोळायला सांगा. मूठ घट्ट आवळू नये, वजन पट्ट्यावर असावे. हँडलखालचे रबर झिजले असेल तर बदलावे. वाकडे किंवा एका बाजूला झिजलेले पाते थरथर वाढवते, तेही पाहा. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात, ती सुटली तर उत्तम. आणि बोटे पांढरी पडलेली असतील त्या सकाळीच त्यांना डॉक्टरांकडे न्या, म्हणजे डॉक्टरांनाही ती दिसतील.